बांध ओलांडणारी कीड: सामूहिक व्यवस्थापनाची सुरुवात नेमकी कुठून करावी?

धुरेकरी:

कीडनियंत्रणाविषयी आपण बहुतेक वेळा एका शेतापुरते बोलतो. कोणती अळी दिसली, कोणते औषध मारले, किती दिवसांनी फरक पडला, एवढ्यावर चर्चा आटोपते. पण ज्या किडींनी शेतकऱ्याला खरोखर जेरीस आणले आहे, त्यांतल्या बऱ्याच आज एकाच्या शेतात तर उद्या दुसऱ्याच्या शेतात असतात. मी माझे शेत कितीही स्वच्छ ठेवले, तरी शेजारच्या दुर्लक्षित तुकड्यातून पतंग येऊन आठवड्याभरात पुन्हा अंडी घालून जाऊ शकतात.

गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घेऊ. ही अळी बोंडाच्या आत राहते, त्यामुळे फवारा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही; फवारणीने मरतात ते फार तर पतंग आणि अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्या. हंगाम संपल्यावर शेतात उभी राहिलेली पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडे), न फुटलेली बोंडे आणि साठवलेला कापूस यांत तिच्या अळ्या सुप्तावस्थेत राहतात आणि पुढच्या हंगामात त्यांचे पतंग बाहेर पडतात. दहा जणांनी पऱ्हाटी वेळेवर उपटून नष्ट केली आणि अकराव्याने फरदड ठेवली, म्हणजे जुन्याच झाडांवर पुढे आणखी कापूस घेत राहिला, तर त्याच्या शेतातली कीड सगळ्यांची होते. अमेरिकेने आपल्या कापूसपट्ट्यातून ही कीड संपल्याचे २०१८ साली जाहीर केले. त्यामागे बीटी वाण (बोंडअळीला मारक प्रथिन स्वतःच तयार करणारे कापसाचे वाण) होते, कामगंधाचा (नर पतंगांना भुलवणाऱ्या मादीच्या गंधाचा) वापर होता, विमानातून सोडलेले वंध्य पतंग होते आणि ठरलेल्या तारखेपर्यंत पऱ्हाटी जमिनीत गाडण्याची सक्तीही होती. भारतात मात्र बीटीच्या क्राय १ एसी या प्रथिनाला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी २००९-१० च्या सुमारास गुजरातमध्ये आढळली. वाणांत, हंगामाच्या लांबीत आणि आश्रय ओळी (बीटीभोवती लावायच्या साध्या कापसाच्या ओळी) लावण्यात दोन्हीकडे फरक होते हे मान्य; तरीही संपूर्ण परिसराने एका वेळापत्रकाने वागणे किंवा न वागणे, हा फरक मला सर्वांत मोठा वाटतो.

आता मूळ मुद्दा. शेजारी शेजारी शेती असणारे लोक एकत्र येतात तेव्हा पहिला ठराव बहुधा असा होतो की अमुक दिवशी सर्वांनी मिळून फवारणी करायची. माझ्या मते ही सुरुवातच चुकीची आहे. ज्या शेतात कीड नुकसानीच्या पातळीखाली आहे तिथेही त्या दिवशी औषध पडते, आणि सगळीकडे एकदमच पडल्यामुळे ढालकिडे, कोळी, गांधीलमाश्या अशा मित्रकीटकांना आसरा घ्यायला एकही तुकडा उरत नाही. कीड बाहेरून उडत परत येते, तिचे शत्रू मात्र तितक्या लवकर परतत नाहीत. म्हणून पहिली सहमती फवारणीवर न होता मोजणीवर व्हावी, असे मला वाटते. ज्यांनी असे प्रयत्न जवळून पाहिले आहेत, त्यांनी आपले मत मांडावे.

कीटकवही:

मोजणीच्या मुद्द्याशी सहमत आहे, परंतु त्याआधी एक पायरी आहे. कोणत्या किडीसाठी किती शेजारी लागतात, हे त्या किडीच्या हालचालीवरून ठरते, आणि ते न पाहता गट बांधला की एक तर तो अपुरा पडतो किंवा विनाकारण मोठा होतो.

सूत्रकृमी (मातीत राहून मुळांना उपद्रव करणारे सूक्ष्म कृमी) स्वतःहून फार दूर जात नाहीत. त्यांना एका शेतातून दुसऱ्या शेतात नेतात ती माती लागलेली अवजारे, वाहते पाणी आणि रोगट रोपे. तिथे सहकार्य म्हणजे भाड्याने फिरणारे अवजार शेताबाहेर पडण्यापूर्वी धुणे आणि रोपवाटिका निरोगी ठेवणे, एवढेच. हुमणीची गोष्ट निराळी आहे. तिची अळी एकाच शेतातल्या मुळ्या खात राहते, त्यामुळे ती ज्याची त्याची अडचण वाटते. पण पहिल्या पावसानंतर तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंब किंवा बाभळीसारख्या झाडांवर पाला खायला आणि मीलनासाठी जमतात आणि मग माद्या आसपासच्या जमिनीत अंडी घालतात. बांधावरचे एक झाड अशा रीतीने पाच-सहा शेतांना हुमणी पुरवते. जमिनीत शिरलेली अळी मारणे अवघड आणि खर्चिक असते, तर रात्री फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे गोळा करणे सोपे असते. मात्र ते काम सगळ्या झाडांवर त्याच काही संध्याकाळी झाले पाहिजे. अळी पाहून गट बांधला असता तर आपण नको त्या ठिकाणी श्रम घातले असते.

दुसऱ्या टोकाला मक्यावरची लष्करी अळी आहे. तिचा पतंग अनुकूल वाऱ्यावर एका रात्रीत १०० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. मूळची अमेरिका खंडातली ही कीड २०१६ मध्ये आफ्रिकेत आणि २०१८ मध्ये भारतात नोंदली गेली. तिचे येणे कोणताही गावगट थांबवू शकत नाही. तिथे शेजाऱ्यांनी एकमेकांना द्यायची असते ती बातमी: पानावर केसाळ, राखाडी आवरणाखाली शंभर-दोनशे अंड्यांचा पुंजका दिसला, अळीच्या डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडच्या भागावर चौकोनात मांडलेले चार ठिपके दिसले, की त्याच दिवशी सर्वांना कळले पाहिजे. अळी लहान असताना ती आटोक्यात येते. पोंग्यात (मक्याच्या शेंड्याकडच्या गुंडाळलेल्या पानांत) शिरून विष्ठेचा बुच्चा तयार झाला की औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही.

आणि टोळधाडीचा विचार केला तर गावही पुरत नाही, देशही पुरत नाही. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात ८ कोटींपर्यंत टोळ असू शकतात आणि ते एका दिवसात सुमारे ३५ हजार माणसांइतके खाऊ शकतात. त्यासाठी अफगाणिस्तान, भारत, इराण आणि पाकिस्तान यांचा एक आयोग संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या छत्राखाली १९६४ पासून चालू आहे. यांतल्या काही देशांचे आपसातले संबंध कसे असतात हे सांगायला नको, तरीही टोळांची माहिती सीमेपलीकडे दिली जाते. एका बांधावरून वर्षानुवर्षे न बोलणाऱ्यांना हे उदाहरण अधूनमधून ऐकवायला हरकत नाही.

नवखा:

मी शेतीत नवीन आहे. आपण दोघेही मोजणी म्हणता, पण ती प्रत्यक्षात कशी करतात हे कृपया सविस्तर सांगाल का? कामगंध सापळा लावला की मोजणी झाली, असे माझ्या ओळखीच्या एका विक्रेत्याने सांगितले होते.

कीटकवही:

सापळा हा मोजणीचा अर्धाच भाग आहे. कामगंधाला फक्त नर भुलतात, त्यामुळे सापळा पतंग उडू लागल्याची सूचना देतो. बोंडांत काय चालले आहे ते तो सांगत नाही. गुलाबी बोंडअळीच्या देखरेखीसाठी हेक्टरी ५ सापळे पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडे वर लावतात आणि सलग ३ रात्री सापळ्यागणिक ८ किंवा अधिक पतंग सापडू लागले, तर नुकसानीची पातळी गाठली असे धरतात. सापळा रोज रिकामा केला नाही, तर कालचे आणि आजचे पतंग एकत्र होऊन तो आकडा निरर्थक होतो. ही साधी गोष्ट फार ठिकाणी चुकते.

दुसरा भाग पिकात शिरून करायचा असतो. फुलोऱ्याच्या काळात डोमकळ्या शोधाव्यात. अशा फुलाच्या पाकळ्या टोकाशी धाग्याने शिवल्यासारख्या चिकटलेल्या असतात, त्यामुळे फूल उमलतच नाही आणि गुलाबाच्या कळीसारखे दिसते. पाकळ्या अलगद सोडवल्या की आत परागकण खाल्लेले दिसतात आणि बहुधा अळीही सापडते. पुढे बोंडे धरली की शेतात तिरके चालत, कडेची आणि मधली अशी दोन्हीकडची मिळून २० हिरवी बोंडे तोडावीत आणि फोडून पाहावीत. बाहेरून बोंड निर्दोष दिसते, कारण अळी आत गेल्यावर तिचे छिद्र भरून येते. फोडल्यावर सालीच्या आतल्या बाजूला बारीक फोडासारखी वाढ, एका कप्प्यातून दुसऱ्यात गेलेले भोक आणि पोखरलेल्या सरक्या दिसतात. अगदी लहान अळी पांढरट, काळ्या डोक्याची असते. गुलाबी रंग नंतर येतो, म्हणून केवळ गुलाबी अळी शोधणारा माणूस पहिला आठवडा हमखास गमावतो. वीसपैकी २ बोंडांत प्रादुर्भाव म्हणजे १० टक्के, आणि फवारणीचा विचार तिथून सुरू करायचा.

हा जो उंबरठा आहे, म्हणजे कीड दिसली म्हणून नव्हे तर होणारे नुकसान उपायाच्या खर्चाहून मोठे होऊ घातले म्हणून हात उचलायचा, तो विचार कॅलिफोर्नियातील स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चौघांनी १९५९ मध्ये नीट मांडला. एकात्मिक कीडव्यवस्थापनाचा पाया तोच आहे.

कोरडवाहू:

सर्व प्रतिसाद वाचले. शास्त्राबद्दल माझी तक्रार नाही. पण मोजणी ही निरुपद्रवी गोष्ट आहे आणि म्हणून तिच्यावर सहज एकमत होईल, हे धुरेकरींचे गृहीतक मला पटत नाही. ज्याच्या शेतात आकडा मोठा निघतो, त्याच्याकडे बोट दाखवले जाते. शेत बटाईने करणाऱ्याला तर मालकाच्या कानावर काय जाईल याची वेगळीच धास्ती असते. आकडे एकदा फळ्यावर लिहिले की पुढच्या वेळी लोक शेतात शिरूच देत नाहीत, किंवा मोजणाऱ्याला बांधाकडेचे चार बोंड दाखवून वाटेला लावतात.

दुसरे असे की, जो काहीच करत नाही त्यालाही इतरांच्या कष्टाचा फायदा मिळतो. नऊ जणांनी किडीचे प्रमाण खाली आणले की दहाव्याचे पीक आपोआप बरे येते आणि तो पुढच्या वर्षी अधिकच निवांत होतो. हे कसे थांबवणार? आणि ज्या जमिनीचा मालक दूर राहतो, जिथे नुसते तण माजले आहे, तिथे कोणाशी बोलायचे?

मध्यस्थ:

कोरडवाहूंचा पहिला आक्षेप अत्यंत रास्त आहे आणि त्यावर उपायही आहे. शेतनिहाय आकडे मोजणाऱ्याने फक्त त्या त्या शेतकऱ्याला द्यावेत आणि गटासमोर केवळ पट्ट्याचा आकडा यावा: ओढ्याच्या अलीकडे इतके, पलीकडे इतके. निर्णय घेण्यासाठी तेवढे पुरते. मोजणारे दोघे असावेत आणि त्यांतला एक त्या पट्ट्याबाहेरचा असावा.

फुकट फायदा घेणाऱ्याविषयी बोलताना आपण एकदम दंड आणि कायद्यावर जातो. सामायिक चराऊ राने, मासेमारी आणि पाण्याच्या वाटपावर काम करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना जी लक्षणे आढळली, त्यांतली तीन इथे थेट लागू पडतात. नियम ज्यांना पाळायचे आहेत त्यांनीच ते घडवलेले असतात, पाळले जातात की नाही हे बघणारेही त्यांच्यातलेच किंवा त्यांना उत्तरदायी असतात, आणि मोडणाऱ्यावरची कारवाई अगदी सौम्य पायरीपासून सुरू होते. पहिल्या चुकीला मोठी शिक्षा ठेवली की ती देण्याचे धैर्य कोणालाच होत नाही, आणि नियम कागदावर राहतो.

शेतीतले याचे सर्वांत बोलके उदाहरण मला ऑस्ट्रेलियातले वाटते. १९८३ मध्ये क्वीन्सलँडमधील इमराल्ड परिसरात अमेरिकन बोंडअळी, म्हणजे आपली घाटेअळी, सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाच्या औषधांना जुमानेनाशी झाली. त्यानंतर तिथे सबंध हंगामाचे तीन टप्पे पाडण्यात आले आणि पायरेथ्रॉइड फक्त मधल्या टप्प्यात, सर्वांनी एकाच वेळी वापरायचे असे ठरले. ती योजना ऐच्छिक होती, तरीही उत्पादकांनी ती मोठ्या प्रमाणावर पाळली. त्यामागचा तर्क महत्त्वाचा आहे. एकाने जून महिन्यात आणि शेजाऱ्याने ऑगस्टमध्ये तोच रासायनिक गट वापरला, तर किडीच्या प्रत्येक पिढीवर त्याच गटाचा मारा होत राहतो आणि प्रतिकारक अळ्यांचीच निवड होते. सर्वांनी एका पिढीपुरता वापरून मग तो गट बाजूला ठेवला, तर पुढच्या पिढ्यांवरचा तो दबाव उतरतो. औषधाच्या व्यापारी नावावर न जाता त्याच्या क्रियेचा गट-क्रमांक बघणे त्यासाठी आवश्यक आहे. नाव बदलले म्हणून गट बदलतोच असे नाही. म्हणजे एकट्याने कितीही शिस्त पाळली तरी औषधाची ताकद टिकवणे त्याच्या हाती नसते, आणि हे जेव्हा सर्वांना कळते तेव्हा दहावा माणूसही टेबलाशी येऊन बसतो. निदान तिथे तसे घडले.

निशाचर:

आतापर्यंत चर्चा अळ्यांची झाली. उंदरांच्या बाबतीत सहकार्याशिवाय जवळजवळ काहीच साधत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

भातशेतीतल्या उंदराचे प्रजनन पिकाच्या अवस्थेशी जोडलेले असते. पीक पोटरीत येऊ लागले (कणीस पानाच्या आवरणात भरू लागले) की माद्यांची वीण सुरू होते, आणि गर्भकाळ जेमतेम ३ आठवड्यांचा असल्याने पीक उभे असेपर्यंत एकामागून एक वेत होतात. परिसरातल्या लावण्या दीड-दोन महिने मागेपुढे झाल्या, तर उंदरांना एका शेतातून दुसऱ्या शेतात जात वीण लांबवता येते. म्हणूनच सर्वांनी दोन आठवड्यांच्या आत लावण्या उरकाव्यात, हा सल्ला विष किंवा सापळ्यांच्याही आधी दिला जातो. तसेच बिळे खणणे, बांध अरुंद ठेवणे, गवताच्या गंजी हलवणे ही कामे वीण सुरू होण्यापूर्वी करायची असतात. कणसे कुरतडलेली दिसल्यावर धावपळ करणारे लोक वीण होऊन गेल्यानंतरचे उंदीर नुसते मारत बसतात.

दक्षिण-पूर्व आशियात एक पद्धत चांगली रुजली आहे. परिसरातल्या मुख्य लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी, साधारण २५ मीटर लांबी-रुंदीच्या एका तुकड्यात भात लावतात, त्याभोवती प्लास्टिकचे कुंपण उभारतात आणि कुंपणाच्या तळाशी ठेवलेल्या भोकांना आतून जाळीचे सापळे जोडतात. लवकर पिकणाऱ्या भाताच्या वासाने उंदीर तिकडे येतात, कुंपणाच्या कडेने चालत भोकातून आत शिरतात आणि अडकतात. अशा एका तुकड्याचा प्रभाव भोवतालच्या १० ते १५ हेक्टरांवर जाणवतो. आता यातली गोम पाहा: तुकडा एकाचा, कुंपण आणि रोजची सापळेतपासणी त्याचीच, आणि फायदा वीस जणांना. खर्च आणि पाळी वाटून घेतली नाही, तर ही पद्धत दुसऱ्या हंगामातच बंद पडते. रोज सकाळी सापळे उघडायला जायचे काम फार कंटाळवाणे आहे, हे कोणी लपवू नये.

विषाबद्दल एवढेच सांगतो की, नव्या पिढीची रक्त गोठू न देणारी उंदीरनाशके मेलेल्या उंदराच्या शरीरात टिकून राहतात आणि असा उंदीर खाणारे घुबड, मुंगूस किंवा साप त्यात सापडतात. इस्रायल आणि जॉर्डनमध्ये शेतांत गव्हाणी घुबडांसाठी घरटीपेट्या लावण्याचे काम सीमेच्या दोन्ही बाजूंनी झाले आहे. एका बाजूने पेट्या आणि दुसऱ्या बाजूने विष, असे चालले असते तर घुबडांनी कोणाचे ऐकायचे होते?

पोळे:

माझा व्यवसाय मधमाशीपालनाचा आहे, आणि शेतकऱ्यांच्या गटांमध्ये आम्हाला बहुधा कोणी बोलावत नाही, म्हणून हा प्रतिसाद. पेट्यांचा मालक त्या जमिनीचा मालक नसतो, पण त्याच्या माश्या तीन-तीन किलोमीटरवरच्या फुलांवर जातात. फवारणीची सूचना एक दिवस आधी मिळाली तर पेट्या झाकता किंवा हलवता येतात. फवारणीनंतर मिळालेली सूचना ही सूचना नसते. फुलोऱ्यातल्या पिकावर फवारणी शक्यतो टाळावी, आणि अपरिहार्यच असेल तर माश्या पोळ्यात परतल्यावर, संध्याकाळी उशिरा करावी.

इथे मात्र एक खाचखळगा आहे, तो माझ्या बाजूचा असूनही सांगतो. सूर्यास्तानंतर आणि पहाटे हवा पूर्ण स्तब्ध असते तेव्हा जमिनीलगत थंड थर आणि त्यावर उबदार थर अशी स्थिती तयार होते. त्यात सूक्ष्म थेंब खाली न बसता तरंगत राहतात आणि हलक्या झुळकीने दूर, भलत्याच शेतावर जाऊन पडतात. वारा अजिबात नाही म्हणजे फवारणी सुरक्षित, हा समज त्यामुळे खरा नाही. जमिनीलगत सोडलेला धूर वर न जाता आडवा पसरत असेल, तर पंप बाजूला ठेवावा. मंद पण ठाम दिशेचा वारा, मोठा थेंब देणारे नोझल आणि रसायनमुक्त शेती करणाऱ्या शेजाऱ्याच्या बाजूला सोडलेला फवारणीविना पट्टा, एवढे सांभाळले तर बांधावरची अर्धी भांडणे होणारच नाहीत.

चिकित्सक:

एक सावधगिरी नोंदवतो. रसायने नकोत म्हटल्यावर पुष्कळांचे लक्ष बाहेरून आणलेल्या भक्षकांकडे जाते आणि ते आपोआप निर्धोक मानले जातात. कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय बागा १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या रोडोलिया ढालकिड्याने पिठ्यासारख्या खवलेकिडीपासून वाचवल्या, हे खरे आहे. तो ढालकिडा जवळपास त्याच किडीवर जगणारा होता, म्हणून ते साधले. पण १९३५ मध्ये क्वीन्सलँडच्या उसातले भुंगेरे खाण्यासाठी आणलेला केन टोड दिसेल ते खाणारा निघाला. भुंगेरे आटोक्यात आलेच नाहीत आणि टोड मात्र आजही पसरतो आहे. बाहेरचा जीव एकदा सोडला की तो परत बोलावता येत नाही, आणि तो बांधही पाळत नाही. म्हणून असा निर्णय एका शेतकऱ्याचा किंवा एका गटाचाही नसतो. त्यासाठी परवानगी आणि परीक्षण असते ते याच कारणाने. स्थानिक ट्रायकोग्रामा (किडींच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालणारी इवलीशी गांधीलमाशी) किंवा आपल्याच परिसरातले ढालकिडे जपणे ही वेगळी बाब आहे आणि ती कोणीही करावी.

उपायांचा क्रमही तितकाच महत्त्वाचा असतो. अंटार्क्टिकाच्या वाटेवरील मॅक्वारी बेटावरून रानमांजरे २००० सालापर्यंत हटवण्यात आली आणि त्यानंतर सशांची संख्या इतकी वाढली की उतारांवरची वनस्पती उद्ध्वस्त झाली. सशांना मारणाऱ्या विषाणूचा जोर ओसरणे हेही त्याचे एक कारण होते. शेवटी ससे, काळे उंदीर आणि लहान घरउंदीर यांच्याविरुद्ध एकत्र मोहीम घ्यावी लागली आणि २०१४ मध्ये बेट त्यांच्यापासून मुक्त जाहीर झाले. एक उपद्रवी जीव काढताना तो कोणाला दाबून ठेवत होता, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

धुरेकरींच्या पहिल्या प्रतिसादाला दुजोरा देणारे उदाहरणही देतो. इंडोनेशियात भातावरचा तपकिरी तुडतुडा फवारणी वाढेल तसा वाढत गेला, कारण त्याला खाणारे कोळी आणि मिरीड ढेकूण त्याच्या आधी मरत होते. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावर ५७ कीटकनाशकांच्या वापरावर बंदी घातली आणि १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. त्या शाळांमध्ये शेतकरी दर आठवड्याला शेतात उतरून कीड आणि मित्रकीटक स्वतः मोजत, त्यांचे चित्र काढत आणि मग निर्णय घेत. फवारणी घटली आणि भाताचे उत्पादन घसरले नाही.

कोरडवाहू:

मध्यस्थांचे उत्तर पटले. पण पडीक जमिनीचा प्रश्न अजून तसाच आहे.

धुरेकरी:

सर्वांचे आभार. माझ्या मूळ मांडणीत दोन बदल करतो. कीटकवहींच्या म्हणण्याप्रमाणे गटाचा आकार कोणत्या किडीसाठी आहे हे आधी ठरवायला हवे, आणि कोरडवाहूंच्या आक्षेपामुळे शेतनिहाय आकडे गुप्त ठेवणे ही मोजणीची पूर्वअट मानायला हवी. गटात मधमाशीपालक आणि बटाईदार दोघेही असावेत. केवळ सातबाऱ्यावर ज्यांची नावे आहेत त्यांचा गट केला, तर प्रत्यक्ष फवारा मारणारा माणूसच बैठकीबाहेर राहतो.

पडीक जमिनीबद्दल. तिथले तण सरसकट काढू नये, कारण त्यातच मित्रकीटक राहतात. पेटारी, अंबाडी किंवा रानभेंडीसारख्या ज्या मोजक्या वनस्पतींवर पिठ्या ढेकूण आणि बोंडअळ्या तग धरतात, तेवढ्याच काढाव्यात. मालक दूर असेल तर त्याच्याकडून पैसे किंवा श्रम मागण्याऐवजी आधी केवळ दोन गोष्टींची लेखी परवानगी मागावी: सापळे लावण्याची आणि ठरलेल्या वनस्पती उपटण्याची. एवढ्याला सहसा कोणी नकार देत नाही. काम गटाने करावे आणि त्याची नोंद मालकाला पाठवावी. दोन हंगाम अशी नोंद जात राहिली की मग वाटा मागणे सोपे होते.

कोरडवाहू:

लेखी परवानगीची कल्पना चांगली आहे. तीत जमिनीच्या हक्काशी याचा संबंध नाही असे एक वाक्य स्पष्ट असावे, अन्यथा दूर राहणारा मालक पहिल्यांदा तीच शंका घेईल.

मध्यस्थ:

कोरडवाहूंनी सुचवलेले वाक्य अवश्य घालावे. त्याच कागदात आणखी एक कलम असावे असे सुचवतो. पऱ्हाटी काढण्याची शेवटची तारीख पेरणीच्या आधी ठरवून घ्यावी. हंगाम संपत आल्यावर ती ठरवू गेल्यास कोणाच्या झाडांवर किती बोंडे बाकी आहेत हे ज्याला त्याला माहीत असते, आणि प्रत्येक जण स्वतःच्या शेवटच्या वेचणीनंतरची तारीख सुचवतो. पेरणीपूर्वी मात्र ते कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे किडीचे जीवनचक्र पाहून तारीख ठरवता येते. पाऊस लांबला तर ती किती दिवसांनी पुढे सरकेल, हेही तेव्हाच लिहून ठेवावे.